पाणी मोजणारे इंजिनेर : विलासराव साळुंखे

गवंडी भिंत बांधतो तेव्हा ओळंबा लावतो. शिंपी कापड फाडण्याआधी टेप लावतो. डेअरीवर दूध मापून घेतात. दुकानदार साखर तोलून देतो. मापात थोडे कमी पडले तर आपण लगेच भांडतो. भांडावेच. कष्टाचा पैसा आहे.

पण विहिरीच्या पाण्याचे काय? ते आपण कधी मोजतो का? वीज आली की मोटार सुरू करायची आणि वीज जाईपर्यंत चालू ठेवायची, एवढेच आपले माप. मग फाल्गुनात विहीर तळाला जाते. चैत्रात टँकरची वाट पाहावी लागते.

पाण्यालाही माप लावता येते. ते कसे लावायचे, हे एका इंजिनेराने दाखवून दिले. त्यांचे नाव विलासराव साळुंखे. २००२ साली ते वारले. त्यांचे काम मात्र आपल्या जिल्ह्याच्या फार उपयोगाचे आहे. म्हणून या धड्यात आपण त्यांची आठवण करू.

बहात्तरचा दुष्काळ

१९७२ सालचा दुष्काळ आपल्या भागात अजून बोलण्यात येतो. घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल तर त्यांना विचारा. विहिरी आटल्या. गुरे मिळेल त्या भावाने विकावी लागली. बायामाणसे, म्हातारी-कोतारी, सगळी दुष्काळी कामावर गेली. डोक्यावर ऊन आणि हातात हातोडा. दिवसभर खडी फोडायची. खायला सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. १९७३ च्या उन्हाळ्यात आपल्या राज्यात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती.

विलासराव तेव्हा पुण्यात कारखाना चालवीत होते. त्यांच्या कारखान्यात मापे तपासण्याची साधने बनत. त्यांना गेज म्हणतात. मोटारीचा एखादा भाग तयार झाला की तो बरोबर आहे की नाही हे गेज लावून पाहतात. तिथे केसाच्या जाडीएवढाही फरक चालत नाही. फरक पडला तर तो भाग बाद. विलासरावांची सारी हुशारी या बारीक मोजमापात होती. धंदा चांगला चालला होता.

दुष्काळात ते पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात गेले. हा तालुका आपल्या पारनेर-पाथर्डीसारखाच. उघडे डोंगर, उताराची जमीन, पाऊस कमी. तिथे त्यांनी शेतकरी माणसे खडी फोडताना पाहिली. स्वतःची जमीन असलेली माणसे होती ती. त्यांना मजुरी मिळत होती. चूल पेटत होती. पण पुढच्या सालाचे काय? रस्त्यावर खडी पडली म्हणून विहिरीला पाणी येत नाही. दुष्काळ पुन्हा आला की पुन्हा हातोडा.

इंजिनेराला सवय असते. यंत्र बंद पडले की ते का बंद पडले हे तो शोधतो. विलासरावांनी तेच केले. पाऊस पडतो तरी पाणी का नाही, याचा त्यांनी शोध घेतला.

पावसाचा हिशेब

हा हिशेब आपणही करून पाहू. वही घ्या.

एक एकर जमिनीवर एक इंच पाऊस पडला तर किती पाणी पडते? सुमारे १ लाख लिटर. दहा लिटरची घागर धरली तर दहा हजार घागरी. एका इंचाच्या पावसात, एका एकरात!

आता घरचा हिशेब. घरात पाच माणसे आहेत. पिणे, स्वयंपाक, धुणे, अंघोळ मिळून माणशी ४० लिटर धरू. म्हणजे रोजचे २०० लिटर. वर्षाचे होतात ७३ हजार लिटर. म्हणजे एका एकरावर पडलेला एक इंच पाऊस नीट साठवला तर पाच माणसांच्या घराला वर्षभर पुरून उरतो.

आपल्या कोरडवाहू भागात वर्षाला वीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो. कधी कमी, कधी जास्त. वीस इंच धरला तर एका एकरावर २० लाख लिटर पाणी पडते. मग ते जाते कुठे? काही उन्हाने उडते. काही जमीन पिते. बाकीचे उतारावरून पळत ओढ्याला जाते, ओढ्यातून नदीला. जाताना रिकाम्या हाताने जात नाही. आपली माती घेऊन जाते. उरतो तो मुरूम.

म्हणजे आभाळ आपल्याला अगदीच उपाशी ठेवते असे नाही. आपली झोळी फाटकी आहे.

नायगावचा माळ

झोळी शिवायची कशी, हे नुसते सांगून लोकांना पटत नाही. करून दाखवावे लागते. पुरंदर तालुक्यात नायगाव म्हणून गाव आहे. १९७४ साली विलासरावांनी तिथल्या देवस्थानची ४० एकर जमीन पट्ट्याने घेतली. उताराची, दगडगोट्यांची, पडीक जमीन. पुढाऱ्याने चांगली जमीन घेऊन चांगले पीक काढले तर शेतकरी म्हणतो, "त्यात काय नवल?" म्हणून त्यांनी वाईटातली वाईट जमीन निवडली.

आपल्या गावात असा शहरचा माणूस आला असता तर आपण काय म्हटले असते? "ह्याला शेतीतले काय कळते?" असेच म्हटले असते. आणि दुसरे कोणी हळूच म्हणाले असते, "जमीन लाटायला आला असेल." शेतकऱ्याला असे वाटणे साहजिक आहे. त्याला फसवणारे पुष्कळ भेटलेले असतात. अशा वेळी काम हेच उत्तर.

त्या माळावर काम झाले ते असे. वरच्या उतारावर समपातळीत बांध घातले. समपातळीत म्हणजे उताराला आडवे आणि सगळीकडे एकाच उंचीवर. पळणारे पाणी बांधाला अडले. अडले तशी मातीही थांबली. थांबलेले पाणी जमिनीत मुरू लागले. खालच्या अंगाला पाझर तलाव केला. पाझर तलावातले पाणी पाटाने द्यायचे नसते. ते जमिनीत जिरवायचे असते. तलावाच्या खाली विहीर घेतली. तलावातून पाझरलेले पाणी विहिरीत आले. विहिरीतले पाणी पंपाने वर उचलून शेताला दिले.

यात कोणतेही मोठे यंत्र नाही. बांध आपल्या आजोबांनाही ठाऊक होता. नवे होते ते माप. पाऊस किती, उतार किती, बांध कुठे, विहिरीत पाणी किती आणि त्यात पीक किती बसेल, हे सारे मोजून केले. काही वर्षांत त्या माळावर धान्य, चारा आणि भाजीपाला पिकू लागला.

घर आणि शेत

माणूस शिकला, कारखानदार झाला, की तो गावाकडून शहराकडे जातो. विलासराव उलटे आले. पुण्याचा कारखाना होता, तरी त्यांचा जीव नायगावच्या माळावर रमला. पत्नी कल्पनाताई या कामात त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. दोघांनी मिळून ग्रामगौरव प्रतिष्ठान या संस्थेचे काम वाढवले. विलासराव गेल्यावरही कल्पनाताईंनी ते पुढे चालू ठेवले.

संसार दोघांनी ओढायचा असतो, हे आपण म्हणतो. तसेच लोककार्यही दोघांनी ओढले तर टिकते. एकट्या माणसाचे काम त्याच्याबरोबर संपते.

पाणी कोणाला?

नायगावच्या माळावर पाणी आले. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी ते पाहिले. "आम्हालाही असे करून द्या," असे ते म्हणू लागले. इथे खरी अडचण सुरू झाली. पाणी आणणे सोपे. पाणी वाटणे अवघड.

आपल्याकडची रीत काय? ज्याची जमीन मोठी, त्याला पाणी जास्त. ज्याची विहीर खोल, त्याला आणखी जास्त. ज्याला जमीन नाही, त्याला काहीच नाही. मग गावाने मिळून बांध घालायचे आणि पाणी मात्र चार घरांत जायचे. असे झाले की पुढच्या खेपेला बांधावर कोण येईल?

विलासरावांनी इथेही माप लावले. पण जमिनीला लावले नाही. घरातल्या माणसांना लावले. नियम असा ठरला की माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी. आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. या व्यवस्थेला पाणी पंचायत असे नाव पडले.

हा नियम नीट समजून घेऊ.

पहिल्या घरात पाच माणसे. त्यांना अडीच एकरांचे पाणी. दुसऱ्या घरात नवरा-बायको दोघेच. त्यांना एक एकराचे. तिसऱ्या घरची जमीन २० एकर, पण माणसे तीन. त्यांना दीड एकराचेच. चौथ्या घरात माणसे आठ. हिशेबाने चार एकर होतात, पण मर्यादा अडीचची, म्हणून अडीच. पाचव्या घराला जमीनच नाही, माणसे चार. त्यांनाही दोन एकरांच्या पाण्याचा हक्क. ते पाणी घेऊन त्यांनी दुसऱ्याची जमीन वाट्याने करावी.

ताटात वाढताना आई काय करते? कोणाच्या नावावर किती जमीन आहे हे ती विचारत नाही. ताटे मोजते आणि तेवढे वाढे करते. पाणी पंचायतीचे माप ते हेच. यात म्हातारी सासू मोजली जाते, सून मोजली जाते, लहान मुलगीही मोजली जाते. सातबाऱ्यावर ज्यांचे नाव कधी चढत नाही, त्यांची पाण्याच्या हिशेबात मोजणी झाली. ही गोष्ट लहान नाही.

पाणी पंचायतीचे नियम

१. पाण्याची योजना एकट्याची नसावी. शेतकऱ्यांच्या गटाची असावी.

२. पाणी माणसांच्या संख्येवर वाटावे. जमिनीच्या आकारावर वाटू नये.

३. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तर तिच्याबरोबर पाणी विकले जात नाही.

४. भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा आहे.

५. ऊस, केळी अशी फार पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत.

६. खर्चाचा पाचवा हिस्सा, म्हणजे १०० रुपयांतले २० रुपये, शेतकऱ्यांनी आधी भरायचे. बाकीचे सरकारी मदतीतून आणि बिनव्याजी कर्जातून उभे करायचे.

७. पाणी सोडायला गटाने पाटकरी नेमायचा. पाळी ठरेल तशी. पाटकऱ्याशी हुज्जत नाही.

सहावा नियम पाहा. गरीब शेतकऱ्याकडून आधी पैसे का घ्यायचे? कारण फुकट मिळालेल्या वस्तूची आपण काळजी घेत नाही. स्वतःचे पैसे गुंतले की पंपाचा आवाज बदलला तरी माणूस रात्री उठून जातो.

मनातल्या शंका

कोणी म्हणेल, "माझी जमीन, माझी हीर. मी पाणी कितीही ओढीन. गावाचा काय संबंध?"

बरे, विहिरीचे कडे तुमचे. पण जमिनीखालच्या पाण्याला बांध असतो का? वरच्या शेतात पडलेला पाऊस खालच्या विहिरीत येतो. तुम्ही रात्रंदिवस उपसा केला की शेजाऱ्याची विहीर खाली जाते. मग तो बोअर घेतो. मग तुम्ही त्याहून खोल घेता. शेवटी दोघेही कर्जात आणि दोन्ही बोअर कोरडे. पाणी सगळ्यांच्या मातीतून आले आहे, म्हणून त्याला सगळ्यांचा विचार लागतो.

दुसरा म्हणेल, "उसाचे पैसे होतात. ज्वारीने काय होते?"

उसाला पाटाने पाणी दिले तर वर्षाकाठी सुमारे ८० इंच पाणी लागते. ज्वारीला १६ इंचांच्या आसपास पुरते. म्हणजे एक एकर उसाच्या पाण्यात पाच एकर ज्वारी. ठिबकने उसाचे पाणी वाचते, हे खरे. पण जिथे मुळात विहीरच अर्धी आहे, तिथे एकाचा ऊस म्हणजे पाच जणांची भाकरी. जिथे कालव्याचे पाणी आहे तिथली गोष्ट वेगळी. माळावर उसाचा हट्ट परवडत नाही.

तिसरा म्हणेल, "हे सारे पुस्तकात बरे. गावात भांडणे होतात."

होतात. पाणी पंचायतीच्या योजनांतही सगळ्याच टिकल्या नाहीत. काही बंद पडल्या. वीजबिल, पंपाची दुरुस्ती, आपसातला मेळ, यांतले एक जरी बिघडले तरी योजना अडते. नियम कागदावर लिहून भागत नाही. तो दर साली पाळावा लागतो.

आपल्या जिल्ह्यात काय झाले

आपला नगर जिल्हा. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. या जिल्ह्याची दोन रूपे आहेत. उत्तरेला प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण आहे. ते १९२६ साली पुरे झाले. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, आणि १९५० साली प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. दक्षिणेकडे पारनेर, पाथर्डी, जामखेड हे तालुके मात्र पावसाकडे डोळे लावून बसणारे.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे सैन्यात होते. १९७५ साली ते गावी परत आले. गावात पाणी नव्हते, धान्य पुरत नव्हते, दारूच्या भट्ट्या होत्या. अण्णांनी विलासरावांचे नायगावचे काम पाहिले. त्यातून राळेगणचे काम सुरू झाले. गळका पाझर तलाव दुरुस्त केला. उतारावर चर आणि बांध, ओढ्यावर बंधारे. लोकांनी श्रमदान केले. शेतकऱ्यांनी गट करून विहिरी घेतल्या आणि पाणी पाळीने वाटून घेतले. ऊस लावायचा नाही असे ठरवले. ज्या गावात टँकर येत होता, तिथे दोन पिके निघू लागली.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने तीच वाट पुढे नेली. १९८९ साली पोपटराव पवार तिथे सरपंच झाले. गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, असा नियम केला. ऊस-केळी बंद केली. आणि गाव दर साली पाण्याचा ताळेबंद मांडू लागले. यंदा पाऊस किती इंच पडला? विहिरीत पाणी किती हात आहे? माणसांना किती लागेल, गुरांना किती? ते बाजूला काढून जे उरेल, त्यावर कोणते पीक घ्यायचे हे ग्रामसभेत ठरते. पाऊस कमी झाला तर पीकही कमी पाण्याचे.

घरात पगार आला की शहाणी बाई आधी धान्याचे, मग मुलांच्या शाळेचे, मग औषधाचे पैसे बाजूला काढते. उरले तर लुगडे. गावाचा ताळेबंद याहून वेगळा नाही.

आपण काय करावे

एवढे सारे एकदम होणार नाही. पण सुरुवात करायला पैसे लागत नाहीत.

शाळेत किंवा ग्रामपंचायतीत पाऊस मोजायचे मापक आहे का, विचारा. नसेल तर मागा. पडलेला पाऊस फळ्यावर लिहीत जा. आता आपल्याला लिहिता येते.

आपल्या विहिरीत दोरी सोडून दर महिन्याला पाणी किती हात आहे ते मोजा. वहीत तारीख घालून लिहा. शेजाऱ्यालाही सांगा. दोन साले लिहिले की विहीर आपल्याशी बोलू लागेल.

पावसाळ्याआधी फुटके बांध धरा. बांधाचे काम चार घरांनी मिळून केले तर दिवसाचे काम सकाळी आटोपते.

आणि ग्रामसभेला जा. बायांनीही जा. डोक्यावर हंडा ज्यांच्या असतो, त्यांचे पाण्यावरचे बोलणे आधी ऐकले पाहिजे.

विलासरावांनी कारखान्यात केसाएवढा फरक शोधणारी मापे केली. माळावर येऊन त्यांनी त्याहून अवघड माप केले. ते शेजाऱ्याच्या घरातली माणसे मोजून पाणी द्यायचे माप होते. ते माप गावागावात चालू राहावे, हीच त्यांची खरी आठवण.

शब्दांचे अर्थ

पाझर तलाव – पाणी जमिनीत जिरवण्यासाठी केलेला तलाव
समपातळी – एकसारखी उंची
भूमिहीन – ज्याला जमीन नाही असा
पाटकरी – पाळीप्रमाणे पाणी सोडणारा माणूस
ताळेबंद – जमा आणि खर्चाचा मेळ
श्रमदान – मजुरी न घेता केलेले काम

सांगा आणि लिहा

१. विलासरावांनी नायगावला वाईट जमीन का निवडली?
२. पाण्याचे माप जमिनीला न लावता माणसांना का लावले?
३. तुमच्या घरात माणसे किती? पाणी पंचायतीच्या नियमाने तुम्हाला किती एकरांचे पाणी मिळेल?
४. दोन एकर शेतावर तीन इंच पाऊस पडला. किती लिटर पाणी पडले? दहा लिटरच्या घागरी किती झाल्या?
५. योजनेचा खर्च ५ लाख रुपये आहे. शेतकऱ्यांनी आधी किती भरायचे? गटात २५ घरे असतील तर प्रत्येक घरी किती?
६. तुमच्या गावात पाण्याचा कोणता एक नियम करावा असे वाटते? चार ओळी लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.